न पाठवलेलं परत आलं

सदानंद पेडणेकरांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि आकडा पुन्हा वाचला. चारशे बारा. एका सकाळीत चारशे बारा मेल.

विरारच्या फुलपाड्यातल्या ‘निसर्गदीप’ सोसायटीचे ते सचिव. सोसायटीच्या मेलबॉक्समध्ये एरवी दिवसाला फार तर चार मेल यायचे. एखादा लिफ्टच्या देखभालवाल्यांचा, एखादा टाकी धुणाऱ्यांचा आणि पार्किंगवरून रुसलेल्या कुणाचा तरी एक, तो मात्र न चुकता. सदानंद चहा घेता घेता ते वाचून काढत आणि प्रत्येकाला उत्तर पाठवत. पार्किंगच्या तक्रारीलासुद्धा.

“विनिता, जरा इकडे ये.”

“तव्यावर भाकरी आहे.”

“ती उतरव आणि ये.”

विनिता हात पुसत आली आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावली. पडद्यावर एकाखाली एक तेच शब्द होते. संदेश पोहोचला नाही. असा पत्ता अस्तित्वात नाही. मेलबॉक्स भरलेला आहे. पत्ता सापडला नाही.

“काल तुम्ही सभेची नोटीस पाठवलीत ना?” तिने विचारलं.

“छप्पन्न जणांना.”

“मग हे चारशे कुठले?”

सदानंदांनाही तीच शंका आली होती. काल संध्याकाळी नोटीस पाठवताना बोट कुठेतरी भलतीकडे पडलं असणार. त्यांनी एक-एक पत्ता बघायला सुरुवात केली. एक पत्ता ब्राझीलचा वाटत होता. एक पोलंडमधल्या सायकलच्या दुकानाचा. एका कॉलेजचा, एका दंतवैद्याचा. म्हणजे निसर्गदीप सोसायटीची वार्षिक सभा, विषय क्रमांक तीन, गच्चीला गळती-प्रतिबंधक थर देणे, हे आता ब्राझीलपर्यंत गेलं होतं.

“गेलं तर गेलं,” विनिता म्हणाली. “कोण येणार आहे तिकडून सभेला? इथलेच येत नाहीत.” आणि ती भाकरी बघायला गेली.

सदानंदांना मात्र स्वस्थता नव्हती. सदतीस वर्षं टपाल खात्यात काढलेली, शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. परत आलेलं पत्र हा त्यांच्या लेखी थट्टेचा विषय नव्हता. परत आलेलं पत्र का परत आलं, हे कळल्याशिवाय ते कधी बाजूला ठेवलं नव्हतं. त्यांनी पहिलाच मेल उघडला आणि खाली सरकत सरकत मूळ मजकुरापर्यंत पोहोचले. तिथे नोटीस नव्हती. गच्ची नव्हती. तिथे लिहिलं होतं: ‘आपले पुडके थांबले गेले आहे. पत्ता सिद्ध करण्यास खालील बटण दाबावे.’ वर तेच इंग्रजीत आणि आणखी दोन भाषांत. पाठवणाऱ्याचं नाव ‘पार्सल विभाग’. आणि त्या नावाशेजारी, कंसात, सोसायटीचा पत्ता. त्यांचा पत्ता.

सदानंद खुर्चीत मागे टेकले. कुणीतरी त्यांच्या पत्त्यावरून जगाला खोट्या पार्सलच्या थापा मारत होतं. लॉटरीच्या मारल्या असत्या, औषधांच्या मारल्या असत्या तर त्यांना एवढं लागलं नसतं. पण पार्सल? त्यांच्या नावावर?

अध्यक्ष सुधाकर राणे यांना फोन केला, तेव्हा ते फिरायला गेले होते आणि धापा टाकत बोलत होते. “डिलीट मारा, पेडणेकर. सगळे सिलेक्ट करा आणि डिलीट मारा.”

“पण आले कसे, ते बघायला नको का?”

“आले तसे जातील,” राणे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. फोन ठेवेपर्यंत चारशे बाराचे चारशे एकोणतीस झाले होते.

तिसऱ्या मजल्यावरची सुरुची एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करायची आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच करायची. सोसायटीची वेबसाइट आणि हा मेलचा पत्ता तिनेच काढून दिलेला. अकराच्या सुमाराला तिची मीटिंग संपली तशी सदानंदांच्या निरोपावरून ती खाली आली. सदानंदांनी तोपर्यंत सत्तावीस जणांना क्षमापत्रं लिहून पाठवली होती. सत्तावीसच्या सत्तावीस परत आली होती.

“काका, जे पत्ते नाहीतच, त्यांना तुम्ही सॉरी म्हणताय,” सुरुची म्हणाली. ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला श्रम पडत होते. “आधी पाठवलेले मेल बघू.”

पाठवलेल्या मेलच्या यादीत छप्पन्न नोटिसा होत्या, सत्तावीस क्षमापत्रं होती आणि त्याखाली लिफ्टवाल्याला दिलेलं उत्तर. पार्सलचा एकही मेल नव्हता. तिने आणखी दोन-तीन ठिकाणी बघितलं. खात्यात शेवटचं कोण, कुठून शिरलं होतं, ते तपासलं. सगळ्या नोंदी फुलपाड्याच्याच.

“इथून काहीही गेलेलं नाही. तुमचं बोट कुठे पडलेलं नाही आणि खातंही कुणी फोडलेलं नाही.”

“मग परत माझ्याकडे का येतंय?”

सुरुचीने टेबलावरचं वीजबिलाचं रिकामं पाकीट उचललं. “हे बघा. समजा मी एक पत्र लिहिलं, कुठल्यातरी भलत्याच पत्त्यावर. आणि पाकिटाच्या कोपऱ्यात—”

“प्रेषक म्हणून माझं नाव घातलंस,” सदानंद म्हणाले.

“हो.”

“आणि पत्ता सापडला नाही, म्हणून पोस्टाने ते प्रेषकाला परत केलं. म्हणजे मला.” ते उठून उभे राहिले. “पेटीत टाकणाऱ्याचं तोंड कुणी बघितलेलंच नाही.”

“बरोबर. मला वाटलं, समजवायला अर्धा तास लागेल.”

“अगं, माझं आयुष्य गेलं त्यात.” सकाळपासून पहिल्यांदा सदानंदांच्या चेहऱ्यावर रंग आला. आपल्या हातून चूक झालेली नाही, हे कळल्यावर माणसाला जी भूक लागते ती त्यांना लागली आणि त्यांनी विनिताला हाक मारून दोघांना घावणे मागितले.

घावणे खाता खाता सुरुचीने काम उरकलं. खबरदारी म्हणून पासवर्ड बदलला आणि लॉगिनच्या वेळी फोनवर कोड येईल अशी सोय केली. मग सोसायटीच्या डोमेनच्या नोंदींत दोन ओळी घातल्या. आमच्या नावाचे मेल फक्त या सर्व्हरवरून निघतात, दुसरीकडून आलेले स्वीकारू नका, असा त्यांचा मतलब. “ही नोंद मी तेव्हाच करायला हवी होती, राहून गेली,” ती म्हणाली. “उद्या-परवापर्यंत जगभर पोहोचेल, मग हे बरंच कमी होईल. तोवर परत आलेल्यांना उत्तरं देऊ नका, आणि त्यांच्याबरोबर काही जोडलेलं असेल तर उघडू नका. सगळे एकदम पुसून टाकू?”

“नको.”

“काका, साडेचारशे आहेत.”

“त्यात एखादा खरा परत आलेला असेल तर? आपल्या छप्पन्नांतला?”

“मग बघा एकेक,” सुरुची म्हणाली. ती वर गेली आणि सदानंद कामाला बसले. काम ओळखीचं होतं. परतीचं टपाल घेऊन बसायचं, खोटं वेगळं, खरं वेगळं. दुपारी अडीचपर्यंत त्यांना दोन खरे सापडले. दोनशे चार नंबरच्या कुलकर्णींचा मेलबॉक्स भरलेला होता आणि एका भाडेकरूचा पत्ता चुकीचा लिहिला गेला होता. त्या दोघांना नोटीस हाताने द्यायची म्हणून त्यांनी चिठ्ठीवर नावं टिपली. आणि त्यानंतर त्यांना तिसरा मेल दिसला, जो परत आलेला नव्हताच. ते उत्तर होतं. माणसाने लिहिलेलं.

‘पार्सल विभागास नमस्कार. पत्ता बरोबर आहे, नंदाखाल, चर्चच्या पुढे, विहिरीजवळचं घर. बटण दाबलं, पण त्यावर कार्डाचा नंबर मागतात. कार्ड ह्यांच्याकडे असतं आणि ह्यांना चष्मा सापडत नाही. संध्याकाळपर्यंत भरते. पार्सल परत पाठवू नका, फार दिवस वाट बघतोय. एलिसा तुस्कानो.’ खाली फोन नंबर.

सदानंदांनी ते दोनदा वाचलं आणि लगेच फोन लावला.

“हॅलो, एलिसा तुस्कानो बोलताय का?”

“कोण, पार्सलवाले?”

“नाही, मी पार्सलवाला नाही. तुम्हाला सांगायचं होतं, ते पार्सल खोटं आहे.”

“मोठं? किती मोठं?”

“मोठं नाही हो, खोटं.”

“छोटं. हां, छोटंच असणार. जॉयल म्हणाला होता, मुठीत मावेल एवढंच आहे.” आवाज आनंदी आणि खणखणीत होता. “कधी येताय? मला कमी ऐकू येतं, फाटकातून जोरात हाक मारा.”

“बाई, ऐका. कार्डाचा नंबर कुठेही भरू नका.”

“भरते, भरते. ह्यांचा चष्मा सापडला की लगेच भरते.”

सदानंदांनी फोन ठेवला आणि शर्ट बदलायला गेले.

“कुठे निघालात?” विनिताने विचारलं.

“नंदाखालला. चष्मा सापडायच्या आत पोहोचायला हवं.”

 छत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं ठाऊक झालं होतं की, हा माणूस टपालासाठी निघाला की अडवून उपयोग नसतो. तिने पाण्याची बाटली आणि टोपी हातात दिली.

स्टेशन ओलांडल्यावर विरार पश्चिमेला त्यांना लगेच बस मिळाली. नंदाखालला चर्चच्या पुढे उतरल्यावर विहिरीजवळचं घर शोधायला वेळ लागला नाही. बैठं घर, पुढे ओटा, बाजूला केळी आणि जास्वंदीचं कुंपण. फाटकाशी उभं राहून त्यांनी सांगितल्याप्रमाणे जोरात हाक मारली. शेजारच्या तीन घरांतून माणसं बाहेर आली आणि सगळ्यात शेवटी एलिसा.

सत्तरीची, ठेंगणी, फुलाफुलांच्या गाऊनमधली बाई. त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघून तिचा चेहरा पडला. “पार्सल कुठाय?”

मागोमाग तिचा नवरा टोनी आला. उंच, पांढऱ्या मिशांचा. त्याच्या एका हातात पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात चष्मा. “सापडला,” तो बायकोला म्हणाला. “फ्रिजवर होता.”

“घालू नका,” सदानंद म्हणाले.

टोनीने चष्म्याकडे आणि मग या अनोळखी माणसाकडे बघितलं.

ओट्यावर बसून सदानंदांनी सगळं सांगितलं. अगदी सावकाश आणि मोठ्याने, त्यामुळे ते शेजारच्यांनीही ऐकलं. खोटा मेल, प्रेषकाच्या जागी घातलेला त्यांचा पत्ता, कार्डाचा नंबर भरला असता तर काय झालं असतं. टोनी मध्येच बायकोला घरातल्या बोलीत दोन वाक्यं सांगायचा आणि सदानंदांशी बोलताना शाळेतल्या मराठीवर यायचा. एलिसा शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, “पण तुमचा पत्ता घातला कुणी, हे कळलं नाही. मग तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हातून?”

“माझ्या नावाने आलं होतं ना.”

तिने मान हलवली आणि आत जाऊन कोकम सरबत घेऊन आली. ज्यावर तिने बटण दाबलं होतं तो फोन सदानंदांनी तिच्यासमोर सुरुचीशी बोलून तपासून घेतला. काही भरलेलं नव्हतं आणि काही उतरवून घेतलेलंही नव्हतं. सुरुचीने ते पान बंद करून तो मेल पुसायला सांगितलं.

“म्हणजे पार्सल नाहीच,” एलिसा म्हणाली. आवाजातला खणखणीतपणा गेला होता.

“कुठल्या पार्सलची वाट बघत होतात तुम्ही?”

कॅनडातला त्यांचा मुलगा जॉयल याने दीड महिन्यापूर्वी एक वस्तू पाठवली होती. टोनी गावच्या बँडमध्ये चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवत आलेला. त्याच्या ट्रम्पेटचा माउथपीस झिजून खडबडीत झाला होता. ओठ सोलून निघायचे. गेल्या पावसाळ्यापासून त्याने वाजवणंच सोडलं होतं. इथल्या दुकानात मिळतात त्यांच्यावर त्याचा ओठ बसेना, म्हणून जॉयलने तिकडून जुन्यासारखाच शोधून पाठवला होता. पुढच्या रविवारी चर्चचा सण होता आणि बँड टोनीशिवाय सराव करत होता.

“कशाने पाठवला? कुरिअर?”

“पोस्टाने,” टोनी म्हणाला. “त्याने पावतीचा फोटो पाठवला होता. पण त्यावर नुसते आकडे.”

सदानंद सावरून बसले. “दाखवा.”

फोटोत तेरा अक्षरं-आकडे होते, शेवटची दोन अक्षरं कॅनडाची. सदानंदांनी फोनवर क्रमांक घातला आणि पान उघडायची वाट बघू लागले. शेजारची मंडळीही कुंपणापलीकडून वाट बघत होती. पान उघडलं. पार्सल मुंबईत आलं होतं, तिथून इकडच्या पोस्टात आलं होतं, एकदा वाटपाला निघालं होतं आणि पत्ता न सापडल्यामुळे परत ऑफिसात ठेवलेलं होतं. नऊ दिवसांपासून.

“इथेच आहे,” सदानंद म्हणाले. “चला, उठा. पाच वाजता खिडकी बंद होईल. आधार कार्ड घ्या.”

टोनीच्या स्कूटरवर मागे बसून ते पोस्टात पोहोचले, तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. काउंटरवरच्या तरुण बाईंनी रजिस्टर बघितलं आणि मान हलवली. “टोनी तुस्कानो नावाचं काही नाही.”

टोनी वळायला लागला. सदानंदांनी त्याचा दंड धरला. “क्रमांकावरून बघता का, मॅडम?”

त्यांनी क्रमांकावरून बघितलं आणि आतून हातभर खोकं घेऊन आल्या. “हे अँथनी तुस्कानो यांचं आहे. आमच्या नव्या पोस्टमनने गावात तीन ठिकाणी विचारलं. सगळे म्हणाले, अँथनी तुस्कानो ऑस्ट्रेलियाला गेले, घर बंद आहे.”

“तो गेला, तो दुसरा अँथनी,” टोनी म्हणाला. “मी पण अँथनीच. पण मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही, बाप्तिस्म्यानंतर.”

त्याने आधार कार्ड पुढे केलं. त्यावर अँथनी होतं. बाईंनी कार्ड बघितलं, सही घेतली आणि खोकं पुढे सरकवत सदानंदांना म्हणाल्या, “तुम्ही खात्यातले का?”

“होतो.”

“मला वाटलंच. क्रमांकावरून बघा, असं बाहेरचं माणूस म्हणत नाही.” त्यांनी पत्त्यापुढे पेनाने ‘टोनी, विहिरीजवळ’ असं रजिस्टरात लिहून ठेवलं, पुढच्या वेळेसाठी.

घरी आल्यावर खोकं टोनीने फोडलं नाही, एलिसाने फोडलं. टोनी चष्मा घालून बाजूला उभा राहिला. आत पुष्कळ कागद, मुलाची चिठ्ठी, नातवाने काढलेलं बँडचं चित्र आणि अगदी मध्ये, मखमली पिशवीत, मुठीत मावेल एवढा चकचकीत माउथपीस. टोनीने तो बोटांनी चाचपला. ओठांना लावून बघितला. मग आत जाऊन ट्रम्पेट आणलं, माउथपीस बसवला आणि पहिली फुंकर मारली.

आवाज फुटका निघाला. शेजारचं कुत्रं पळालं. टोनीने घोटभर पाणी घेतलं, ओठ पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सूर लागला. आधी एकच लांब सूर, मग त्यावरून उतरत येणारे चार, आणि मग सणाच्या मिरवणुकीत वाजतं ते गाणं, सुरुवातीला अडखळत, नंतर मोकळं. कुंपणापलीकडच्या बायका ओट्यावर येऊन बसल्या. कुणीतरी बँडमधल्या ॲल्रॉयला फोन करून सांगितलं की, टोनी अंकल वाजवतायत, आणि पंधरा मिनिटांत तो आपला क्लॅरिनेट घेऊन मोटरसायकलवर हजर झाला.

सदानंदांनी विनिताला फोन लावला आणि तो ट्रम्पेटच्या दिशेला धरला.

“हे काय, लग्नात गेलात का?” विनिताचा आवाज आला.

“पार्सल मिळालं. मी जेवूनच येतो, सोडत नाहीयेत.”

“बरं. इकडे सुरुची सांगून गेली. दुपारपासून परतीचे मेल घटलेत, तासाला दहा-बाराच येतात आता. राणे पण येऊन गेले. म्हणाले, डिलीट मारले का?”

“त्यांना सांग, अजून तपासतोय.”

एलिसा तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण घेऊन आली. टोनीने ट्रम्पेट मांडीवर ठेवलं, घाम पुसला आणि विचारलं, “मास्तर, रविवारी येणार ना? मिरवणूक चारला निघते.”

“आम्ही दोघं येऊ. आणि आमच्या सोसायटीतली एक मुलगी आहे, तिलाही आणतो. खरं काम तिने केलंय.”

“सगळ्या सोसायटीला आणा.”

“छप्पन्न घरं आहेत.”

“मग आधी सांगा,” एलिसा म्हणाली, “म्हणजे तेवढे पाव सांगून ठेवते.” तिने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. नको म्हटलेलं तिला ऐकू आलं नसावं.